माह्या पुढ्यातला विडा

आता मले काय इचारता बायाहो, बैठकीत कोन वाकन म्हून? आजपासून माहं भाकीत बंद! काल पाटलाच्या ओट्यावर माहंच गणित चुकलं...

आजवर गावातली एकही बैठक माह्या अंदाजाबाहीर गेली नोती. खूण सोपी हाय. बोलणं चालू असताना पाटील वाटेकऱ्याइपुढं विडा ठेवतात. ज्याले पटलं तो तोंडात टाकते, हातात फिरवत बसला तो अजून अडून हाय.

काल बैठक आमच्याच विहिरीची होती. विहीर एक, मोट एक, वाटेकरी तीन... थोरले दीर नारायणदादा, धाकले किसनभाऊजी अन् मी. मालक होते तवा हप्त्यात दोन दिवस मोट आमची होती. आता दोघं म्हणे, एकट्या बाईले एक दिवस लय झाला.

एका दिवसाच्या पाण्यावर वांगे कसेतरी जगले असते, मिरच्या वाळल्या असत्या. बाजारात तेच इकून तं माही चूल पेटते. तरी माहा अंदाज तोच होता... किसनभाऊजी पयले विडा खातीन, मंग दादा, अन् मले एकच दिवस भेटन.

तेवढ्यात पाटलानं दोघाइपुढं विडे ठेवले, अन् एक माह्यापुढंई ठेवला.

मालक गेल्यापासून कोनी मले विडा देल्ला नोता. विधवा बाईनं तो खायाचाच नसते. परत करावा तं पाटलाचा अपमान, खावा तं लोक काय म्हणतीन... मी आपली हातात फिरवत बसली.

किसनभाऊजी माह्या हाताकडं पाहून म्हणे, "काव वैनी, अजूनई अडूनच?"

"तुमचा काहून तसाच हाय? दात पडले का?"

लोक हासले. दादा खाकरले. माह्याशी ते सरळ बोलत नाहीत, म्हून पाटलाकडं तोंड करून म्हणे, "सांगा तिले. बाजाराचा आदला दिवसई तिचाच, झाले दोन. पण तेवढा विडा खा म्हना आता!"

हे कसं झालं, मले काई समजलंच नाही. मी विडा पदरात बांधला, पाटलानं तेच कबूल धरलं.

आज मिरच्याइले पोटभर पाणी भेटलं. पाटलाचे उपकार हायेत. अन् तुमी सकायपासून म्हणून राह्यल्या, लय पक्की हाय मी...

खरं सांगू? मी अडलीच नोती. एका दिवसाले मी घरूनच कबूल होऊन गेली होती.