आत्याच्या हाताकडे बघून

रुग्णालयाच्या तळघरात कपडे धुवायचा विभाग होता. तिथे आलेल्या नव्या माणसाने साहेब कोण असं विचारलं, की बायका आधी एकमेकींकडे बघून हसायच्या. दाराशी काचेच्या खोलीत बसायचे ते साहेब. पण काम चालायचं ते आत्याच्या हाताकडे बघून.

ती तिथल्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. फार पूर्वी तिच्या भावाची मुलगी वर्षभर इथे कामाला होती, ती आत्या म्हणायची. मुलगी लग्न होऊन गेली, हाक मागे राहिली. वय सत्तावन्न, अंगाने काटकुळी, आणि बोलण्यात महाकंजूष. तिच्यासोबत यंत्रावर उभी राहणारी बाई मात्र सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून तिचं नाव रेडिओ. रेडिओ म्हणायची, आत्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बरणीचं घट्ट बसलेलं झाकण. फडकं धरून फिरवावं लागतं.

आत्याने कुणाला 'हे कर' असं कधी म्हटलं नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतून रक्ताने भरलेल्या चादरींचं गाठोडं आलं, की सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवायची. आत्या मुकाट्याने गाठोडं सोडून बसायची. पाच मिनिटांत दोघी येऊन टेकायच्या, दहा मिनिटांत पाच जणी. एकदा सुट्टीच्या दिवशी जादा काम आलं. साहेबांनी तीनदा फर्मान काढलं, एकही बाई जागची हलली नाही. शेवटी साहेब डोकं खाजवत आत्यापाशी येऊन उभे राहिले. आत्याने जेवणाचा डबा बंद केला, बाह्या वर सारल्या. झालं. पाठोपाठ सगळे डबे बंद झाले.

साहेब वयाने तिच्या मुलाएवढे, पण हुशार माणूस. त्या दिवसापासून त्यांनी हुकूम सोडणं सोडलं. "आत्या, जरा बघा ना," एवढंच म्हणायचे आणि काचेआड जाऊन बसायचे.

तळघराच्या मधोमध इस्त्रीचं यंत्र होतं. आडवा, तापलेला, दोन माणसं लांबीचा रोलर. पुढून दोघींनी ओली चादर कोपरे धरून आत द्यायची, मागून दोघींनी कडक झालेली चादर घडी करून घ्यायची. कधीकधी कोपरा दुमडला जायचा आणि रोलरच्या तोंडाशी चुणी अडकायची. अशा वेळी लाल बटण दाबून यंत्र थांबवावे, असं भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण थांबवलं की यंत्र निवायचं, पुन्हा तापायला वीस मिनिटं लागायची, आणि तोवर वरून वॉर्डांचे फोन खणखणायचे. आत्याने त्यावर आपली एक युक्ती बसवली होती. यंत्र चालू असतानाच दोन बोटं आत सरकवायची, चुणीचं टोक चिमटीत धरायचं आणि मनगटाला एक हिसका द्यायचा. चादर सरळ. अशी बावीस वर्षं.

नव्या बाईला मात्र ती न चुकता सांगायची, "तू बटण दाब हं." सबंध नोकरीत तोंडाने सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी ऐकली नाही. बायकांना तिचं ऐकायची सवय नव्हती, बघायची होती.

एका मंगळवारी आत्या दाढ काढून घ्यायला अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेली. अकराच्या आत साठ चादरी हव्या होत्या. सत्तेचाळिसाव्या चादरीला चुणी पडली. रेडिओने बोलता बोलता हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आत्या तिला भेटायला तिसऱ्या मजल्यावर गेली. कॉटजवळच्या स्टुलावर बसली. रेडिओच बोलली. म्हणाली, ही अंगावरची चादर आपलीच आहे, घडीवरून ओळखलं. मग बांधलेला हात पोटावर नीट ठेवत तिने विचारलं, अगदी स्वयंपाकातलं काही अडलेलं विचारावं तसं, "आत्या, अंगठा बाहेर ठेवायचा असतो का? नऊ वर्षं बघितलं मी तुमचं. तेवढंच नीट दिसलं नव्हतं."

आत्या घरी आली आणि चुलीपुढे... तिच्या घरी चूल कुठली, गॅसच होता. पण ती त्याच्यापुढे बराच वेळ उजवा हात पसरून उभी राहिली. आपण अंगठा बाहेर ठेवतो की आत, हे तिला स्वतःलाच आठवेना.

चौकशी बसली. साहेबांनी तिला दोन शब्दांत समजावलं. विभागात सर्रास असंच काम चालायचं असं निघालं, तर चूक विभागाची; मग रेडिओला वरच्या मजल्यावर कपडे वाटपाच्या खिडकीशी बसतं काम द्यावं लागेल. तिने एकटीनेच नियम मोडला असं निघालं, तर नोकरी गेली. रेडिओच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि कमावणारी ती एकटी. आत्याने ठरवलं, सगळं सांगायचं.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाई चौकशीच्या प्रमुख. आत्या उभ्या आयुष्यात बोलली नव्हती एवढं त्या खोलीत बोलली. हात घालायची पद्धत माझी, रेडिओने माझ्याकडे बघून उचलली, आमच्यातल्या सगळ्या जणी तसंच करतात, आणि काचेतून साहेबांनाही ते दिसतं. बोटांनी तिने करूनसुद्धा दाखवलं, टेबलाच्या कडेवर.

प्रमुख बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं मन मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण सकाळी सात जणी येऊन गेल्या. सातही जणी म्हणतात, आत्या दर वेळी बटण दाबतात आणि आम्हीही दाबतो." मग त्यांनी आणखी एक कागद पुढे सरकवला. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती. बटण दाबायला मी विसरले. खाली रेडिओची सही.

बाहेरच्या बोळात साहेबांनी तिला गाठलं. "मी कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही हं, आत्या."

खरंच सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी बायकांत उभं राहून ते एवढंच म्हणाले होते, आत्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेत, त्यांच्यावर काही न येवो म्हणजे झालं. आणि कप ठेवून निघून गेले होते. शिकले होते ते. कुणाकडे बघून शिकले, हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती जिना उतरून खाली आली. यंत्र बंद होतं, बायका ओल्या चादरी झटकत होत्या.

"वर जा," आत्या म्हणाली. "सगळ्या जणी. खरं काय ते सांगून या."

आवाज तिचा तिलाच परका वाटला. बायकांनी माना वर केल्या, एकमेकींकडे बघितलं. मागच्या बाजूला घड्या घालणारी एक थोराड बाई होती, तिला सगळ्या मोठी म्हणायच्या. तिने हातातली चादर खाली ठेवली.

"आत्या, दमलात तुम्ही. बसा जरा."

"मी सांगतेय ना. जा."

"रेडिओनंच सांगितलंय आम्हाला," मोठी म्हणाली. "एकीचं गेलं ते गेलं, दुसरीचं कशाला घालवायचं, म्हणाली. आणि मागे डॉक्टरांच्या कोटांना रंग लागला, तो माझ्या हातून. तुम्ही वर जाऊन काय सांगितलंत? तुमच्याच हातून झालं म्हणालात. तेव्हा नाही खरं-खोटं काढलंत."

आत्याला ओरडावं असं वाटलं, पण ओरडायचं कसं तेही बावीस वर्षांत शिकायचं राहून गेलं होतं. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. वळली आणि स्वतःच जिना चढायला लागली. सावकाश, मागच्यांना गाठता येईल इतकी सावकाश. वळणावर थांबली. मागे पावलं वाजली नाहीत. तरीही ती वरपर्यंत गेली. चौकशीच्या खोलीला कुलूप होतं. आतला दिवा कुणीतरी मालवला होता.

खाली यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. दुपारच्या चादरी द्यायच्या होत्या. थोड्या वेळाने तो आवाज अडखळला, चुणी पडली की अडखळतो तसा. आत्या कठडा घट्ट धरून यंत्र थांबायची वाट बघत राहिली.

यंत्र थांबलं नाही.