तोफेवरचे साचेवाले

गिरणीतून आलेल्या माणसाचा सदरा झटकला की कापसाची तुसं उडतात. पुन्हा झटकला की पुन्हा उडतात! आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत तोफखान्याच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगून झाली की तिच्याखालून दुसरी निघते. ऐकणारे पोट धरून हसतात. आता मीपण हसते. पण त्या उन्हाळ्यात मला हसू सुचत नव्हतं.

*

आमचे मालक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणायला. बांगलादेशची लढाई होऊन गेली होती. नोकरी सांभाळून फौजेत जायचं आणि उन्हाळ्यात महिनाभर क्याम्पावर ट्रेनिंग घ्यायचं, अशी टेरिटोरियलची भरती निघाली. खात्यातले सात-आठजण गेले, त्यांच्याबरोबर आमचेपण गेले. मला विचारलं? छे! एके दिवशी सरळ बूट घेऊनच घरात आले.

"काय हे?"

"बूट."

"दिसतंय मला. कशाला?"

"तोफेसाठी."

"तोफ बूट घालती व्हय?"

पण खरं सांगते, वीस वर्षं मान खाली घालून तुटलेले धागे जोडणारा हा माणूस ते बूट घातले की ताठ चालायचा. नळावरच्या बायकासुद्धा बाजूला सरायच्या. म्हणून मी बुटांना फळीवर जागा करून दिली.

*

क्याम्पाला पंधरा दिवस राहिले होते. मालक जेवत होते. मी त्यांच्या पाठीमागं जाऊन पितळी पातेलं फरशीवर आपटलं. मुद्दाम! शेजारची म्हातारी ओरडत बाहेर आली, मांजर पत्र्यावर चढलं. मालक निवांत भाकरी कुस्करत होते.

मग मी पुढ्यात येऊन बसले. "तुमाला ऐकू येतं का?"

"येतंय की! तू बोललेलं सगळं कळतंय."

कळतंय, पण डोळ्यांनी! साचे सुरू असले की खात्यात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी कळत नाही. वर्षानुवर्षं तो खडखडाट ऐकून कान जातात. मग साचेवाले एकमेकांचे ओठ वाचतात, हातानं बोलतात. दोन्ही मुठी छातीवर आपटल्या की साचा थांबव, असं. गिरणीत ते चालतं. पण तोफेवर कुणी मागनं 'थांब' म्हणून ओरडलं आणि आमच्या माणसाला ऐकूच गेलं नाही, तर?

"साहेबाला सांगून टाका," मी म्हटलं.

त्यांनी ओठ वाचले, आणि बुटाला पॉलिश करायला घेतलं.

*

मी म्हटलं, क्याम्पाआधीच्या तपासणीत डॉक्टरच काढून टाकील. बरं होईल!

डॉक्टरची रीत अशी, की सहा पावलं मागं उभं राहून हळूच एक आकडा म्हणायचा, आणि जवानानं तो सांगायचा. आमच्यांच्या समोर रांगेत उभा होता व्यंकण्णा. आमच्याच गल्लीतला, तेलुगू पद्मशाली. साच्यावर नवा होता, त्यामुळं त्याचे कान शाबूत. डॉक्टर मागनं कुजबुजला "सतरा", की व्यंकण्णाची बोटं मांडीवर हलली. दहा, मग सात.

"सतरा, साब!"

"बेचाळीस."

"बेचाळीस, साब!"

"बस. जाव."

आता 'जा' हे बोटांनी कसं दाखवायचं? व्यंकण्णा घाबरून नुसता बघत राहिला. आमचे खांबासारखे उभे. डॉक्टर दोनदा 'जाव' म्हणाला, तरी हलेनात. शेवटी पुढं येऊन बघितलं, तर छाती काढून, नजर सरळ! डॉक्टर शेजारी उभ्या असलेल्या तोफखान्याच्या सुभेदारसाहेबांना म्हणाला, "असा शिस्तीचा माणूस आज पहिल्यांदा बघतोय!"

झाले पास!

*

क्याम्पावर रांगेत बोलायचं नाही असा हुकूम होता. बाकीच्या तोफेवरची पोरं कुजबुजायची, आणि शिक्षा म्हणून बंदूक डोक्यावर धरून उन्हात पळायची. आमची साचेवाल्यांची तोफ मात्र एकदम गप्प. सुभेदारसाहेब सगळ्यांना सांगायचे, "ह्यांच्याकडनं शिका! तोंड उघडत न्हाईत."

तोंड कशाला उघडतील? पाठीमागं हात बांधून बोटांनी डाळीला शिव्या देत होते!

एकदा व्यंकण्णाला हसू फुटलं. साहेब गरजले, "एकटाच का हसतोस रे?"

"आठवण आली, साब."

"कुणाची?"

"डाळीची, साब!"

तो एकटाच पळाला.

*

दहाव्या दिवशी व्यंकण्णाची बायको गोदावरी धापा टाकत माझ्या दारात आली. हातात पोस्टकार्ड. तिला मराठी वाचता येत नव्हतं, आणि गल्लीतल्या बायकांत चौथी शिकलेली मीच.

"अक्का, क्याम्पावरनं आलंय. तू वाच. मी बाहेर थांबते. वाईट असलं तर एकदम सांगू नको."

तिचा नवरा त्याच तोफेवर. आमच्यांनी काही ऐकलं नसेल आणि ह्याला काही झालं असेल, तर मी तिला तोंड कसं दाखवणार? तीनदा अक्षरं डोळ्यांपुढं नाचली, मग लागलं. 'मी खुशाल आहे. उंदरानं बनियन खाल्ली. दोन पाठवणे.'

मी दारात येऊन सांगितलं, "उंदरानं बनियन खाल्ली."

गोदावरीनं डोळे पुसले. "बनियनच्या आतला माणूस हाय न्हवं?"

*

शेवटच्या रविवारी घरच्यांना तोफा बघायला बोलावलं. टेंभुर्णीच्या रस्त्यानं ट्रकमधनं आम्ही दहा-बारा बायका निघालो. गोदावरीला मी वाटेतच सांगितलं, "आज मी साहेबाला सांगणार."

"नको अक्का! नाव काढून टाकतील. तुझ्या मालकांचा जीव जाईल."

"न सांगितलं तर दुसऱ्याचा जाईल!"

उतरल्या उतरल्या मी सुभेदारसाहेबांना गाठलं. "साहेब, एक सांगायचं हाय."

त्यांचं लक्षच नव्हतं. "बाई, आधी फायर. मग बोलू." आणि आम्हाला बाजूच्या टेकाडावर कापडाच्या सावलीत नेऊन बसवलं.

माळावर दोन तोफा. जवळची आमच्यांची. नेम धरायला आमचे, गोळा भरायला व्यंकण्णा. पलीकडच्या तोफेवर सगळी तरणीताठी, धडधाकट कानांची पोरं. पहिला बार झाला. दुसरा झाला. माझे स्वतःचेच कान बंद! गोदावरी माझा दंड धरून काहीतरी बोलत होती, मला एक अक्षर कळेना.

तेवढ्यात समोरच्या डोंगराखालच्या ओढ्यातनं मेंढरं वर आली. पाच, दहा, मग सगळा कळपच. मागनं काठी घेतलेली एक म्हातारी.

सुभेदारसाहेबांनी दुर्बीण टाकली आणि हात वर करून ओरडले. मला त्यांचं उघडलेलं तोंड तेवढं दिसलं. मी डोळे मिटून घेतले. बार झाला!

डोळे उघडले. धूर पलीकडच्या तोफेतनं निघत होता. त्या पोरांच्या कानांत दडे बसलेले, त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. गोळा लांब डोंगराच्या माथ्यावर पडला म्हणून बरं. आमची तोफ मात्र गप्प होती. व्यंकण्णा गोळा छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा. आणि आमच्यांच्या दोन्ही मुठी छातीवर! बार झाला की हुकुमासाठी साहेबांच्या तोंडाकडं बघायचं, ही त्यांची महिनाभराची सवय. सगळ्या माळावर 'थांबा' कळलेला तो एकच माणूस होता.

जवानांनी पळत जाऊन म्हातारीला गाठलं. ती काही घाबरली नव्हती. उलट त्यांनाच झापत होती, "आरं, जरा कडंला उडवा की! गाभण हायत त्या!"

*

फायर बंद झालं. सुभेदारसाहेब घाम पुसत टेकाड चढून आले, ते थेट माझ्यापुढं उभे राहिले.

"बोला बाई. मघाशी काय सांगत होता?"

गोदावरीनं मागनं माझा पदर ओढला. खाली तोफेजवळ आमचे मालक बूट जुळवून ताठ उभे होते आणि टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तोंड उघडलं.

साहेबांनी मान वळवली, डाव्या कानामागं पंजा धरला आणि म्हणाले, "ह्या बाजूनं बोला. उजवा तोफेनं कवाच नेला."

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हळूच विचारलं, "साहेब, प्यायचं पाणी कुठं हाय?"

"आँ?" साहेब म्हणाले.

आणि तिकडं खाली, तोफेजवळनं, आमच्या मालकांनी हात लांब करून पाण्याची टाकी दाखवली.