हारुकोबाईंच्या बाटल्या मी घासल्या

कतारला, दोह्याला जायचं ठरलं, कारण धाकट्या बहिणीने, मेधाने, तिकीटच पाठवलं. फुकट ते पौष्टिक म्हणत मी नाशिकहून निघाले. जायचं तर हिवाळ्यात जा. मी मे महिन्यात गेले, तो शहाणपणा तुम्ही करू नका. मेट्रो दोन रियालमध्ये फिरवते. बाकी खर्च मेधाचा, त्यामुळे आकडे माहीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अल नस्रमधल्या तिच्याच इमारतीत चहाचं आमंत्रण होतं. हारुकोबाई, वय बासष्ट, जपानी केमिस्ट, मेधाच्या साहेब. वीस वर्षं दर महिन्याला अल खोरच्या किनाऱ्यावरच्या एकाच जागेवरून, ओहोटीलाच, समुद्राचं पाणी आणून तपासायच्या. एक महिना चुकला नव्हता. शेवटचा नमुना त्यांनी त्याच पहाटे आणला होता. संध्याकाळी लुसैलला निरोपसमारंभ, दुसऱ्या दिवशी कायमचं जपानचं विमान.

चहा झाला. दुसऱ्याच्या घरी खरकटे कप टाकून उठणं आपल्याला जमतं का? मी कप घासले. शेजारी गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्याही ओतून, साबण लावून लख्ख केल्या.

"ताई! अगं, ते सॅम्पल होतं!" मेधा किंचाळली.

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नाही.

हारुकोबाईंनी बाटली उजेडात धरली. "स्वच्छ निघालीय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "जपानमध्ये पहिल्या नोकरीत मी आठ वर्षं हेच केलं. बाटल्या धुणं आणि साहेबांचा चहा. डॉक्टरेट होती माझी."

"आणि इथे?" मी चाचरत विचारलं.

"पहिल्या दिवशी सेक्रेटरी समजले. दुसऱ्या दिवशी नाही."

पुढची ओहोटी साडेपाचला होती. समारंभ सहाला.

"मॅडम, सत्कार तुमचाच आहे," मेधा म्हणाली.

"भाषण त्यांनी लिहिलंय. माझ्याशिवाय वाचता येईल. यल्ला, चला."

अल खोरचा रस्ता झकास, पाऊण तासाचा. बाईंनी मला शेजारीच बसवलं. किनाऱ्यावर त्यांनी बाटल्या माझ्याच हातात दिल्या. सलवार वर खोचून मी पाण्यात उतरले. पाणी अंघोळीला काढल्यासारखं गरम.

"भरण्याआधी याच पाण्याने तीनदा विसळा," काठावरून सूचना आली. "ते तुम्हाला जमतं."

"मीपण केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे हो," मी कळवळून म्हणाले. "लग्नानंतर लॅब सुटली, ती सुटलीच."

"मग बाटली सरळ धरा."

मला रडू फुटलं. बाटली मात्र सरळ धरली.

नाशिकला परतल्यावर आठवड्याने मेधाने बाईंच्या वहीतल्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. पहाटेच्या नमुन्यापुढे शेरा: 'पाहुण्यांनी धुतला.' त्याखाली संध्याकाळचा नमुना. 'केमिस्ट' या रकान्यात वरपासून खालपर्यंत बाईंचंच नाव, फक्त शेवटच्या ओळीत माझं.

आणलेले खजूर चार दिवसांत संपले. फोटो मी रोज एकदा उघडते आणि रकान्याचं नाव पुन्हा वाचून घेते.