काम असमाधानकारक

फॉर्मॅलिनचा वास आला की मला ती एप्रिलची रखरखीत दुपार आठवते. यवतमाळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची विभागप्रमुख होते, आणि लोहाऱ्याहून ऑटोने येणारी एक कंत्राटी बाई आमची प्रयोगशाळा सांभाळायची. सातव्या महिन्यात तिने प्रसूती रजेचा अर्ज दिला. प्राचार्य मला म्हणाले, "कंत्राटीला कसली रजा? काम असमाधानकारक आहे असं लिहून द्या, काढून टाकू." कायदा तिच्या बाजूने आहे हे मला ठाऊक होतं, पण माझी बढती त्यांच्या हातात होती, म्हणून मी लिहिलं आणि सही केली. पत्र वाचून ती ओले हात पदराला पुसत माझ्यापाशी आली. "मॅडम, मायं काय चुकलं? मांगच्या महिन्यात तं तुमीच मले शाबासकी देल्ली होती." मी हजेरीपटातून मान वर केली नाही. बेडकांच्या राहिलेल्या बरण्या धुऊन, जागेवर लावून ती गेली. मला बढती मिळाली. आता नव्या विभागप्रमुखांना हे कायदे मीच समजावून सांगते. परवा एकाने विचारलं, "आपल्याकडे असं कधी झालंय का, मॅडम?" मी म्हणाले, "नाही."