एका हिसक्यात चादर

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि धाकटी म्हणजे भित्री भागूबाई. नर्सिंगला प्रवेश मिळाला, सोबत तिनं हॉटेलात खोल्या आवरायचं काम धरलं, तेव्हा आई म्हणाली, "झेपेल तेवढंच कर गं." आता झेपतं किती, हे ठरवायचं कुणी? वर्गातल्या पोरींचं माप सोपं होतं: पास होतेय ना, मग झेपतंय. धाकटीनं तेच उचललं. बोली होती फक्त शनिवार-रविवारची. पण मधल्या वारीही सुपरवायझर बाईंचा फोन यायचा, आज येतेस का म्हणून. नको म्हटलं आणि कायमचंच घरी बसवलं तर? त्या धास्तीनं ही "येते" म्हणून मोकळी. होता होता कॉलेज सुटलं की रोजच हॉटेल. अहो, पास होत होती ना पोरगी!

हॉटेलातली रीत अशी, की चादरीचे कोपरे सोडवायचे आणि एका हिसक्यात ती ओढून घ्यायची. हाताला ते इतकं बसलं होतं की डोकं पेंगत असलं तरी हात चालायचे.

एका सकाळी इस्पितळाच्या वॉर्डात हात तसेच चालले. एक आजी पलंगाशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्या सलाईनची नळी पलंगावरून गेलेली. धाकटीनं कोपरे सोडवले आणि दिला हिसका. नळी चादरीत गुंतून ओढली गेली, आजींच्या हातातली सुई निसटली, रक्त टपटप फरशीवर.  आपण माणूस मारलं, असंच धाकटीला वाटलं.

मोठ्या सिस्टरांनी धावत येऊन कापूस दाबला, आजींना निजवलं आणि मग हिला बाजूला घेतलं.

"बाहेर काम आठवड्याचे किती दिवस करतेस?"

"दोन."

"खरं सांग."

"रोज." धाकटीला रडू फुटलं.

"आज सुईवर निभावलं. पुन्हा असं झालं तर मी तुला वॉर्डात उभी करणार नाही. काय ते ठरव."

जिन्याखाली उभं राहून धाकटीनं हॉटेलात फोन लावला.  "बाई, मी आता शनिवार-रविवारच येईन."

"बरं," बाई म्हणाल्या. "आधी सांगायचंस की. मला वाटलं, तुलाच हवंय."

धाकटी पायरीवर मटकन बसली. जिला इतके महिने भ्याली, त्या बाईनं साधा आवाजही चढवला नाही. म्हणजे त्या रक्ताचा दोष ढकलायला आता कुणीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती घडीची चादर घेऊन आजींच्या पलंगापाशी गेली. तिला बघताच आजींनी पट्टीचा हात पांघरुणात ओढून घेतला.

"आजी, आज मी झोप काढून आलेय."

"चांगलं केलंस बाळा," आजी मायेनं म्हणाल्या. "पण चादर त्या दुसऱ्या पोरीला बदलू दे."