काळ्या कापडाची कड

माझी मोठी बहीण कित्येक वर्षं बायकांच्या पाठीमागे उभी राहिली. शहरातून एक फोटोवाली बाई आमच्या डोंगरातल्या बायकांचे फोटो काढायला यायची आणि ताई त्यांच्यामागे काळं कापड धरायची. कापड मीच शिवलं होतं, दोन पन्हे जोडून, मधली शिवण दिसू नये अशी दाबून. शिंपीण आहे मी, माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला खपत नाही.

बाईला आमची बोली येत नव्हती. कपाळावर, हनुवटीवर गोंदलेल्या म्हाताऱ्या तर तिला बघितलं की दार लावून घ्यायच्या. आता कुणी गोंदून घेत नाही, त्यामुळे बाईला घाई. ताईला कसलीच घाई नसायची. ती अंगणात बसून म्हातारीला शेंगा सोलून द्यायची, सुनेच्या तक्रारी ऐकून घ्यायची, मग म्हातारीच विचारायची, "कुठे बसू गं?"

बाईचा एकच हट्ट होता, हसायचं नाही. आणि ताई कापडामागून नेमकं हसवायची. "मावशी, तोंड मिटा. उरलेले दोन दात फोटोत गेले तर भाकरी कशाने खाल?" मावशी ओठ गच्च आवळायची, डोळ्यांत पाणी तरारायचं आणि बाई खूश व्हायची. शहरात ते फोटो मोठे करून लावले तेव्हा मीही बघायला गेले होते. एक चष्मेवाले गृहस्थ हळहळत म्हणाले, "काय वेदना आहे हो नजरेत!" कसली डोंबलाची वेदना, हसू दाबलंय बिचारीने!

ताईचा स्वतःचा फोटो मात्र राहायचा. "माझा शेवटी," म्हणायची, आणि शेवटी उजेडच उरायचा नाही. ओळखपत्रावर एक होता, टपाल तिकिटाएवढा. त्यात ती कुणीतरी दुसरीच दिसायची, आणि तोही पुसट झालेला.

एकदा मात्र ठरलं. आईने तिची वेणी घातली आणि स्वतःचं चांदीचं कडं काढून तिला घालायला दिलं. कड्याच्या तोंडाशी दोन गाठी होत्या. त्या वरच्या बाजूला दिसायला हव्यात, पण ताईने नेहमीप्रमाणे उलटं घातलं. आई ओरडली, "अगं, लग्नाच्या वयाची पोरं झाली तुला, कडं कधी सरळ घालणार?" ताई तशीच निघाली. मशीन बंद करून मी कापड धरायला गेले.

ताई स्टुलावर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. सगळ्या जगाला हसवणारी ती, पण स्वतःवर पाळी आल्यावर लाजून लाल झाली. बाई कॅमेऱ्यात डोळा लावून होती. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली. सगळा चेहरा गोंदलेला. "उशीर झाला का गं? मला वाटलं, आज नाही आले तर राहूनच जाईल."

ऊन उतरणीला लागलं होतं. ताई उठली. "बसा आजी." माझ्या हातातलं कापड ओढून घेत मला म्हणाली, "तू वाकडं धरतेस, सर बाजूला." तो एक फोटो निघाला आणि उजेड गेला.

"पुढच्या वेळी तुझा पहिला," बाई म्हणाली.

पुढची वेळ आलीच नाही. थंडीत ताईला ताप भरला, तो छातीत उतरला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आई खंबीर होती. रडली, कामाला लागली. पण वर्ष उलटल्यावर एका दुपारी मी काज करत होते, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. "मला तिचं तोंड आठवेना झालंय. नाक आठवतं, हसणं आठवतं, पण सगळं मिळून तोंड होत नाही. कुठून तरी फोटो आण गं."

मी शहर गाठलं. बाईच्या खोलीत भिंतभर आमच्या बायका होत्या. तिने सगळे खण उपसले, फिल्म एकेक करून दिव्यासमोर धरली. शेवटी जमिनीवर बसून म्हणाली, "नाहीये माझ्याकडे. एकही नाही." मी तोंडाला येईल ते बोलले तिला. एवढ्या बायका दिसल्या तुला, तुझ्यासाठी हात भरून येईपर्यंत कापड धरणारी दिसली नाही? ती रडत होती, तरी मी थांबले नाही.

मग तिने त्या शेवटच्या म्हातारीची फिल्म काढली. शहरात लावलेल्या फोटोची कड कापलेली होती. आता तिने पूर्ण फोटो छापून दिला.

आईने तो खिडकीपाशी नेला. मधोमध म्हातारी, मागे काळं कापड. वाऱ्याने एका बाजूला कापड खाली ओढलं होतं, त्यामुळे ते घट्ट पकडलेला हात मनगटापर्यंत दिसत होता. मनगटात कडं.

"तोंड नाही," आई म्हणाली. मला वाटलं, आता फोटो ठेवून देईल. पण तिने तो डोळ्यांजवळ घेतला आणि कड्यावर बोट ठेवलं. "उलटंच घातलंय बघ कार्टीने," म्हणाली, आणि फोटो छातीशी धरून इतकी रडली की शेजारीण धावत आली.

तो फोटो आता आमच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "या आजी कोण तुमच्या?"

"ती असेल कुणीतरी," आई म्हणते. "इकडे कडेला बघ. ही माझी थोरली."