वहिनी चालायला लागली

माझी वहिनी आयुष्यभर बसून होती, आणि हे मी नणंद म्हणून टोमणा मारायला सांगत नाही. तिचं कामच बैठं. घराच्या खालच्या खोलीत तिचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, तुटलेली चेन बदलणं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि वहिनी तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसायची. व्यायाम म्हणाल तर एवढाच.

आणि माझा दादा म्हणजे पायाला भिंगरी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण स्वतः कधी लिफ्टने जायचा नाही. हत्यारांची जड पिशवी खांद्याला लावून जिना चढायचा. लोक विचारायचे, "काय हो, तुमचाच तुमच्या कामावर भरवसा नाही का?" तो म्हणायचा, "डोंगर रविवारी असतो, पण तयारी सोमवारपासून लागते." शहराला लागूनच डोंगर होता. साठी उलटली तरी तिथे तो तरण्याताठ्यांना मागे टाकायचा, आणि मग वर पोचून त्यांची वाट बघत उभा राहायचा, हे त्यांना जास्त झोंबायचं.

जेवताना त्याचं व्याख्यान ठरलेलं. चढताना श्वास नाकाने घ्या, गप्पा नंतर. दमलात तर उभे राहा, बसू नका, बसलेला पाय उठायला कुरकुरतो. उतरायच्या आधी बुटाची नाडी आवळून घ्या, नाहीतर अंगठे काळेनिळे होतात. वहिनी भाजी वाढत राहायची. पालथ्या घड्यावर पाणी. दर रविवारी तो दारातून म्हणायचा, "चल गं, एकदा तरी." दर रविवारी तिचं उत्तर तेच, "अहो, या कोटाचं अस्तर उद्या द्यायचंय." जगात इतके कोट आहेत हे मला वहिनीमुळे कळलं.

दादा निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी ती लिफ्टची गोष्ट घडली. लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. कामाला हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्याने स्विच चालू केला तर आत काम करणाऱ्याचा जीव जाईल. एका दुपारी दादा पूर्वी जिथली लिफ्ट सांभाळायचा अशा एका जुन्या इमारतीत शिरला. वॉचमनने ओळखीचा माणूस म्हणून सोडलं. दादाने वर जाऊन मेन बंद केला, आपलं कुलूप लावलं आणि तिथून निघून सरळ डोंगराच्या वाटेला लागला. लिफ्टमध्ये एक बाई तान्ह्या बाळासकट अडकली. नव्या मेकॅनिकला बोलावलं, पण कुलूप तोडायला तो धजेना. कुलूप आहे म्हणजे आत आपला माणूस आहे, हे त्याला दादानेच शिकवलेलं. दादाला शोधून आणेपर्यंत बाळ रडून रडून झोपी गेलं होतं. "कुठलं कुलूप?" दादाने विचारलं. किल्ली त्याच्याच खिशात होती.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. बाकी तब्येत ठणठणीत. "यांचं हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे," ते कौतुकाने म्हणाले. इथेच तर घोडं पेंड खात होतं. डोकं थकलं होतं आणि पाय थकायला तयार नव्हते. जरा नजर चुकली की दादा बाहेर, आणि त्याला गाठेल असं आमच्यात कोण होतं? एकदा तो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सापडला, ओठ सुकलेले, घरचा पत्ता आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दाराला कुलूप लावा, नाहीतर कुलूप लावणाऱ्या संस्थेत ठेवा.

मीही तेच म्हटलं. वहिनी हातातला शर्ट उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "कोंडलं तर महिन्याभरात संपतील ते. चालू दे त्यांना. मी जाईन मागून."

"तू? अगं, तुला दुकानाचा उंबरा ओलांडताना धाप लागते!"

"लागू दे."

आणि माझी वहिनी, वय वर्षं एकोणसाठ, व्यायामाला लागली. दुकानातल्या दोन लोखंडी इस्त्र्या टॉवेलमध्ये गुंडाळून तिने पाठीवरच्या पिशवीत घातल्या आणि जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसायची. शेजारीण म्हणाली, "इस्त्री घरपोच द्यायला लागलात की काय?" वहिनी म्हणाली, "हो, कपडे मागाहून येतील." मशीन टेबलावर चढवून उभ्याने शिवायला लागली, शिवताना टाचा वर-खाली. आणि गंमत बघा, पालथा घडा म्हणता म्हणता दादाचा शब्द न् शब्द तिच्यात मुरलेला निघाला. नाकाने श्वास. उभं राहा, बसू नका. नाडी आवळा. त्याला आता यातलं काही आठवत नव्हतं. मी दुकानात तिच्या मागे बसून भाजी निवडायचे आणि माझं काळीज तुटायचं. चाळीस वर्षं तो विनवत होता तेव्हा ही आली नाही, आणि आता येतेय तर बोलावणारा जागेवर नाही.

आधी आधी दादा पहिल्याच वळणावर दिसेनासा व्हायचा. वहिनी हाका मारत, ठेचकाळत, रडत मागे जायची. एकदा गुडघा फुटला, पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी पाठीला. हळूहळू वळणापर्यंत त्याच्यासोबत टिकायला लागली, मग झाडीपर्यंत. त्या वर्षाच्या शेवटी ती त्याच्या बरोबरीने वर पोचली. त्या दिवशी घरी येऊन तिने मला पोटरी दाबून दाखवली. "बघ, दगड झालाय." इतकी हसली की मलाही हसू आलं. संस्थेचा विषय मग कुणी काढला नाही.

पण तोवर दादा तिला विसरला होता. घरात तिला बघून तो अवघडायचा. "शिंपीणबाई, माझी पँट झाली का?" असं अदबीने विचारायचा. वहिनी म्हणायची, "उद्या देते हं," आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. डोंगरावर मात्र त्याला तिची सोबत आवडायची. रोज सकाळी बूट घालून दाराशी थांबायचा आणि मला विचारायचा, "त्या चालणाऱ्या बाई आल्या नाहीत अजून?"

परवा मी डोंगराच्या पायथ्याशी थर्मास घेऊन बसले होते, नेहमीसारखी. दोघं उतरून आली. दादा चहा घेऊन पलीकडच्या बाकावर बसला. वहिनीने बूट काढले नाहीत, चहाही घेतला नाही.

"काय गं, पडलीस की काय?" मी विचारलं.

"नाही गं. आज खूप बोलले ते." ती हळू आवाजात सांगायला लागली. "वर पोचलो तर म्हणाले, बाई, छान चढता हो तुम्ही. माझ्या बायकोला मी किती वर्षं म्हणतोय, चल. येतच नाही. मी विचारलं, मग राग येतो का तिचा? तर म्हणाले, छे, राग कसला! ती तरी काय करणार, कामं असतात तिला. वरून आमच्या घराचं छप्पर दिसतं, तेवढं तिला दाखवायचं होतं. दर रविवारी बघून ठेवतो मी."

मी तिचा हात धरला.

"मी म्हटलं, मला दाखवा की. तर माझ्याकडे बघितलं, आणि छान हसले गं, लग्नात हसले होते ना, तसे. म्हणाले, नाही हं बाई, राग मानू नका. ते तिला दाखवायचंय. ती येईल एखाद्या रविवारी."

मी थर्मासमधून तिच्यासाठी चहा ओतला.

"मी उभी राहून सगळीकडे बघितलं," वहिनी म्हणाली. "नुसती छपरंच छपरं. आपलं कुठलं ते मला ओळखताच येईना."